पुढे गेलेला पाक

पानेपॉट रिझर्व्हा थंडगार पिऊ नये. फ्रिजमधून काढली की तासभर तरी ओट्यावर तशीच राहू द्यावी, बारा-तेरा अंशांवर आली की मगच उघडावी. बिअर म्हणजे उन्हातून आल्यावर घशाखाली उतरवायचं गार पेय, एवढीच ज्यांची ओळख आहे त्यांना हे विचित्र वाटेल. पण गारठलेल्या ग्लासात या बिअरमधल्या दोनच गोष्टी कळतात, गोडवा आणि दारूची धार. ज्या बाकीच्या गोष्टींसाठी कुणीतरी ती वर्षाहून जास्त काळ ओकच्या पिंपात सांभाळली, त्या ऊब लागल्याशिवाय वर येत नाहीत.

पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं असा ग्लास लागतो. तो तिरपा धरून हळू ओतायचं. बाटलीच्या बुडाशी यीस्टचा गाळ बसलेला असतो, तो ढवळू नये म्हणून एका दमात ओतायचं आणि शेवटचा घोटभर भाग मागे ठेवायचा. फेस फिक्या बदामी रंगाचा येतो, आधी चार बोटं उंच, मग एक बोट, आणि तो तिथे बराच वेळ टिकतो. दिव्याखाली ही बिअर काळी दिसते. ग्लास खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला की कडेला लाल उमटतं, माणकाचा लाल, आणि त्या लालात अगदी बारीक बुडबुडे सरळ रेघेत वर चढताना दिसतात. मला हे पाहत राहायला आवडतं. नाक पुढे नेण्याची घाई मी करत नाही.

पहिला वास सुक्या फळांचा. काळ्या मनुका, अंजीर, थोडा खजूर. त्यांच्या मागून लवंग येते. तिसऱ्या खेपेला जे येतं ते ओळखायला मला वेळ लागला होता: करपण्याच्या अगदी अलीकडे येऊन थांबलेल्या साखरेचा वास. लाकूड अजून कुठेच नसतं.

मग पहिला घोट. जिभेच्या टोकाला गोड, चांगलं ठसठशीत गोड. क्षणभर वाटतं की आता हे तोंडात चिकटणार, पाक प्यायल्यासारखं होणार. पण बुडबुडे ते गोड उचलून धरतात, जिभेच्या मधोमध पोहोचेपर्यंत त्यात मनुकांचा आंबटपणा मिसळतो, आणि मागच्या बाजूला पोहोचता पोहोचता गोड विरायला लागतं. गिळून झाल्यावर ते नसतंच. जिभेच्या कडा कोरड्या पडलेल्या असतात, टाळूला एक हलका तुरटपणा, छातीत ऊब. दहा टक्के अल्कोहोलची बिअर आहे ही, आणि तरी तोंड स्वच्छ करून जाते. मला ही जी इतकी आवडते ती याच गोष्टीसाठी. ती गोड सुरू होते, कोरडी संपते, आणि या दोन टोकांमधलं अंतर चवीचवीने कापते. या बिअरमध्ये जे जे घातलं जातं आणि तिच्यावर जे जे केलं जातं, ते सगळं शेवटी त्या गोडाला निरोप देण्याच्या कामी लागतं, असं मला आता पक्कं वाटतं.

ती बनते बेल्जियमच्या अगदी पश्चिम टोकाला, ओस्टव्लेटेरेन नावाच्या खेड्यात. मी राहते त्या गेंटहून रेल्वेने पोपरिंगेपर्यंत जाता येतं, आणि तिथून पुढे सपाट शेतांमधून वाट. हॉप्सचा मुलूख आहे हा. उंच खांब, खांबांवर ताणलेल्या तारा, तारांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या आणि त्यांवर चढलेले वेल. सप्टेंबरात कापणी चालू असते तेव्हा रस्त्यावरसुद्धा एक हिरवट, राळेसारखा वास भरून राहतो. शहामृग पाळणाऱ्या मंडळींनी या शतकाच्या सुरुवातीला इथे बिअरचा नाद धरला. ‘दे स्ट्रायजे ब्राउवर्स’ हे त्यांचं नाव, आणि आता त्यांचा मुक्काम गावातल्या जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. पानेपॉट हे नाव मात्र समुद्राकडून आलेलं. जवळच्या दे पाने गावाला बंदर नव्हतं, म्हणून तिथले कोळी सपाट बुडाच्या लाकडी होड्या वापरत. त्या थेट वाळूवर चढवता येत. त्या होड्या म्हणजे पानेपॉट. बाटलीवरच्या चित्रात ती होडी आहे, आणि शेजारी वर्ष छापलेलं.

ओस्टव्लेटेरेनहून हाकेच्या अंतरावर वेस्टव्लेटेरेन, आणि तिथे सिंट-सिक्स्टसचा मठ. ट्रॅपिस्ट साधूंचा. त्यांची ‘१२’ नावाची काळी बिअर ही या जातकुळीची सगळ्यांत गाजलेली. वर्षानुवर्षं बाटलीला लेबल नव्हतं, पिवळ्या झाकणावरून ओळखायची. साधू ती दुकानांत पाठवत नसत, आधी नोंदणी करून मठातूनच न्यावी लागायची. पोटापुरतं विकायचं आणि उरलेल्या वेळात प्रार्थना करायची हा त्यांचा जुना नेम. या मठांमुळे लोकांना वाटतं की कडक काळी बिअर ही मध्ययुगातून चालत आलेली चीज आहे. तसं नाही. वेस्टव्लेटेरेनची ‘१२’ १९४० मधली. स्कूरमाँच्या मठात बनणाऱ्या शिमेच्या काळ्या बिअरचं यीस्ट त्या मठातल्याच फादर थिओडोर यांनी १९४८ साली वेगळं काढलं. त्यांच्या पाठीशी लूवाँ विद्यापीठातले मद्यशास्त्राचे प्राध्यापक ज्याँ द क्लेर्क होते, आणि मठाला त्यांच्याविषयी इतकी कृतज्ञता वाटली की त्यांचं दफनही तिथेच झालं. ‘क्वाड्रुपेल’ हे नाव तर शेजारच्या हॉलंडमधल्या कोनिंग्सहूवेन मठाने १९९१ मध्ये रूढ केलं. या कडकपणामागे एक सरकारी कारणही आहे. १९१९ साली बेल्जियमने व्हान्डरव्हेल्डे कायदा करून गुत्त्यांमध्ये जेनेव्हरसारखी जळजळीत दारू देण्यावर बंदी घातली, ती पुढे सहा दशकांहून जास्त टिकली. लोकांना ऊब तर हवी होती. मग बिअरच हळूहळू चढी होत गेली.

बिअर चढी करायची म्हणजे यीस्टला खायला जास्त साखर द्यायची. नुसतं जव भिजवून, मोड आणून, भाजून केलेलं माल्ट वाढवत नेलं तर एक अडचण येते. माल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही, ती मागे उरते. दहा टक्क्यांपर्यंत जायचं ठरवलं तर हे उरलेलं इतकं साचतं की बिअर घट्ट, जड, पिठाळ होते. बेल्जियमच्या मद्यकारांनी यावर जो उपाय काढला तो पहिल्यांदा ऐकल्यावर उलटा वाटतो. त्यांनी बिअरमध्ये चक्क साखर घातली. साधी साखर यीस्ट शेवटच्या कणापर्यंत खातं. तिची दारू होते, वायू होतो, आणि गोडवा म्हणून काहीही शिल्लक राहत नाही. साखर घातल्यामुळे बिअर हलकी होते! इथली माणसं चांगल्या कडक बिअरचं कौतुक ‘पचायला सोपी’ असं करतात. दहा टक्क्यांच्या पेयाला हा शब्द ऐकून मी आधी थबकले होते. आता मला दुसरा शब्द सुचत नाही.

ही साखर बीटची. युरोपात बीटच्या साखरेचा पसारा वाढला तो नेपोलियनच्या काळात. इंग्रजी आरमाराने समुद्र अडवला, वेस्ट इंडीजची उसाची साखर यायची थांबली, तेव्हा नेपोलियनने १८११ मध्ये बीटच्या लागवडीचा हुकूम काढला. फ्लांडर्सच्या शेतांत अजूनही शरदात रस्त्याकडेला बीटचे ढीग दिसतात, मातीने माखलेले, डोंगराएवढे. काळ्या बिअरसाठी मात्र सहसा पांढरी साखर घेत नाहीत. ती शिजवून, तापवत तापवत गडद करून तिचा पाक वापरतात. कँडी सिरप म्हणतात त्याला. साखर तापत जाते तसे तिचे रेणू मोडतात, पुन्हा जुळतात, आणि त्यातून मनुका, टॉफी, सुकं जर्दाळू, कॉफीचा कडवटपणा अशा चवी तयार होतात. कुठे थांबायचं यावर सगळं अवलंबून. थोडं अलीकडे थांबलं तर नुसतं गोड, थोडं पलीकडे गेलं तर राख.

या पाकाबद्दल मला सगळ्यांत जास्त आप्पांनी सांगितलं, आणि आप्पा बिअर पीत नाहीत.

आमचं गुऱ्हाळ होतं. करवीर तालुक्यात, नदीच्या काठाला. दिवाळी उलटली की चुलवाण पेटायचं ते होळीपर्यंत. आप्पा स्वतः काहिलीशी उभे राहायचे. गुळव्या पगारी होता, पण पाक आला की नाही हे ठरवायला तोही आप्पांकडे बघायचा. रस उकळायला लागला की रानभेंडीचं पाणी घालायचं, मळी वर आली की झाऱ्याने काढायची. मग रस आटतो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो, बारीक फसफस जाऊन जाड, आळशी गुडगुड सुरू होते. थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का पाहायचं. पण आप्पा पाण्याकडे जायच्या आधी वाफेवर वाकून वास घ्यायचे. वासावरून ते सांगायचे, आणि गोळी नंतर त्यांना दुजोरा द्यायची. तिथे चूक महागात पडते. कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा भाव रंगावर ठरतो. पिवळाधमक गूळ हा इथल्या गुळाचा मान, २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाक दोन मिनिटं जास्त राहिला, गूळ तांबूस-काळा पडला, की सौद्याला व्यापारी तोंड फिरवतो.

आप्पा इथे आले होते तेव्हा जेवणानंतर मी ही बाटली उघडली. त्यांच्या गळ्यात माळ आहे. त्यांच्यासमोर पिताना मी लपवाछपवी केली नाही, आणि त्यांनीही तशी अपेक्षा कधी केली नाही. म्हटलं, “आप्पा, नुसता वास घेऊन बघता का? प्यायची नाही.”

“आण हिकडं.”

त्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. नाक एकदम आत घातलं नाही. आधी ग्लासाच्या वरून, वीतभर अंतरावरून, डोळे मिटून हवा ओढून घेतली, अगदी काहिलीवर वाकायचे तशी. मग थोडं जवळ आणून. मग ग्लास खाली ठेवला.

“ऊस न्हवं ह्यो.”

“न्हाई. बीट.”

“असंल. पर पाक पुढं गेलाय ह्यांचा. काहील उतरवायला उशीर झालाय बघ.”

“मुद्दाम करतात, आप्पा. तोच वास हवा असतो त्यांना.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुद्दाम पुढं न्यायचा म्हंजे मोठी जोखीम हाय. थांबायचं कुटं, ते त्यास्नी पक्कं ठावं असणार.” आणि पुन्हा ग्लास उचलून वास घेतला.

मी किती पुस्तकांत वाचलं होतं, टॉफी आणि कॅरमेल आणि मोलॅसिस. त्या दिवसापासून मी या बिअरमधला तो तिसरा वास ‘पुढे गेलेला पाक’ असाच ओळखते. आप्पांनी आयुष्यभर ज्या वासाला घाबरून काहील वेळेवर उतरवली, त्याच वासावर दुसऱ्या मुलखातल्या माणसांनी आपली कला उभी केली. आणि गंमत अशी की साखर त्यात उरलेली नसते. यीस्ट साखर खाऊन टाकतं, पण साखरेच्या भाजण्याची चव त्याला खाता येत नाही, ती जशीच्या तशी मागे राहते. वास सांगतो, इथे गूळ आहे. जीभ शोधायला जाते तर गूळ गेलेला.

यीस्टनेही आपलं काहीतरी मागे ठेवलेलं असतं. लागर बिअरचं यीस्ट थंडीत, शांतपणे काम करतं आणि स्वतःची खूण ठेवत नाही. बेल्जियमचं यीस्ट उबेत काम करतं. वेस्टव्लेटेरेनमध्ये आंबवणीचं तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपास चढू देतात, जे पाहून बाहेरच्या मद्यकारांना धडकी भरायची. त्या उबेत यीस्ट फळांचे सुगंध तयार करतं, आणि लवंगही तिथलीच. मघाच्या अंजीर-मनुकांमधला काही भाग पाकाचा, काही यीस्टचा. कुठला कुणाचा हे मला अजून वेगळं काढता येत नाही, आणि तसा प्रयत्न मी हल्ली करतही नाही.

इथवर जे झालं ते साध्या पानेपॉटचं. रिझर्व्हा ती नंतर होते, पिंपात.

ओकच्या पिंपाला खिळा नसतो, डिंक नसतो. फळ्या आधी दोन-तीन वर्षं उघड्यावर रचून ठेवतात. पावसापाण्याने लाकडातला कडक तुरटपणा धुऊन जावा म्हणून. मग आगीवर धरून, पाणी मारत त्या वाकवतात, लोखंडी पट्ट्यांत आवळतात, आणि आतून शेकतात. या शेकण्याने लाकडातून व्हॅनिलाचा सुगंध मोकळा होतो. तो व्हॅनिला कुणी वरून घातलेला नसतो, तो लाकडाच्या तंतूंनाच जोडून धरणाऱ्या द्रव्याच्या मोडण्यातून येतो. नारळाची आठवण करून देणारा एक स्निग्ध वास येतो, पुन्हा थोडी लवंग येते, आणि तुरटपणा. म्हणजे बिअर आधीच पुढे गेलेल्या पाकाची, आणि तिला ठेवायचं तेही आगीवर शेकलेल्या भांड्यात.

पिंप हवाबंद नसतं. लाकडातून हवा अगदी कणाकणाने आत झिरपते, आणि द्रव कणाकणाने बाहेर उडून जातो. एरवी बिअरला हवा म्हणजे शत्रू. फिकी, ताजी बिअर हवेने बिघडली की तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. कडक काळी बिअर मात्र हीच हवा सोसते, आणि सोसता सोसता बदलते. तिच्यात शेरी वाइनचा, बदामाचा, जुन्या मनुकांचा भाव येतो. शिवाय लाकडाच्या छिद्रांत बिऱ्हाड करून राहिलेले जीव असतात. ब्रेटानोमायसीस हे त्यातलं एक यीस्ट. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसनने १९०४ मध्ये इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमध्ये ते दाखवून दिलं. नेहमीच्या यीस्टला जी साखर पचत नाही, ती हे सावकाश, महिनोन्महिने खात बसतं. पहिल्या यीस्टच्या तावडीतून सुटलेलं गोड पिंपात असं पकडलं जातं. सोबत थोडा आंबटपणा येतो. रिझर्व्हामध्ये तो पुढे पुढे करत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला जिभेच्या बाजूंना कळतो, काळ्या द्राक्षाच्या सालीसारखा.

पिंपात मुरवणं ही आजकालची लाट आहे, असं काही जण म्हणतात. अमेरिकेकडून आलेल्या बाटल्यांबद्दल ते खरंही आहे. तिथे बूर्बन व्हिस्की कायद्याने नव्या, आतून जाळलेल्या ओकच्याच पिंपात ठेवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेल्या पिंपांचा सुकाळ. १९९० च्या दशकापासून मद्यकारांनी ती बिअरसाठी उचलली. पण पश्चिम फ्लांडर्सला ओक नवा नाही. ओस्टव्लेटेरेनपासून फार दूर नसलेल्या रुसेलारे गावात रोडेनबाखच्या कोठारात माणसाच्या कितीतरी पट उंच ओकचे हौद ओळीने उभे आहेत, आणि त्यांत तांबडी आंबट बिअर दोन-दोन वर्षं मुरते. माझं मत स्पष्ट आहे. बूर्बनच्या पिंपातल्या पुष्कळशा बेल्जियन धाटणीच्या बिअर मला आवडत नाहीत. व्हॅनिला आणि नारळ इतके वर येतात की यीस्टने उबेत राबून केलेली फळं त्यांच्याखाली दबून जातात. आणि मुख्य म्हणजे बूर्बनचं पिंप गोडाचा भास वाढवतं. जे गोड घालवण्यासाठी इतकी खटपट केली, त्याला मागच्या दाराने परत आणतं. रिझर्व्हाचं फ्रेंच ओक तसं करत नाही. ते तुरट आहे, अबोल आहे, आणि बिअर संपत येते तेव्हा बोलतं.

खरंच तेव्हा बोलतं. ग्लास अर्धा झाला की खोलीच्या उबेने बिअर पंधरा-सोळा अंशांवर आलेली असते. फेसाची आता फक्त काठाला एक कड उरलेली असते, आणि ग्लासाच्या आतल्या बाजूला प्रत्येक घोटाची एकेक जाळी. आता वास बदलतो. मनुका मागे जातात. लाकूड येतं, पण नुकत्याच कापलेल्या फळकुटाचं नाही, जुन्या वाड्यातल्या कपाटाचं, ज्याच्या आत कधी वेलदोडे ठेवलेले होते. व्हॅनिला अगदी पुसट. त्याखाली लाल वाइन. पिंपाच्या लाकडात आधीच्या मद्याचे काही लिटर मुरून राहतात असं म्हणतात, ते इथे पटतं. घोटाची सुरुवात अजूनही गोड आहे, पण ती आखूड झाली आहे. तुरटपणा आता लवकर येतो, जिभेच्या मध्यावरच भेटतो, आणि गिळल्यानंतर जे राहतं ते पुष्कळ वेळ राहतं: बदामाची साल, करपट साखरेचा कडवट धागा, लवंगेची ऊब. मी दोन घोटांमध्ये मुद्दाम वेळ जाऊ देते. ही चव पूर्ण विझल्याशिवाय पुढचा घोट घेणं म्हणजे मागचा फुकट घालवणं.

शेवटाला, अगदी शेवटच्या दोन बोटांत, दारू उघडी पडते. अठरा अंशांवर ती झाकली जात नाही. काहींना हा भाग नको असतो. मला हवा असतो, कारण इथे लपवायला गोड उरलेलं नाही, आणि तरी बिअर उभी राहते. राखून ठेवलेला गाळाचा घोट मी शेवटी वेगळा पिते. तो धुरकट, पावासारखा, किंचित कडू. त्याला बिअरमध्ये मिसळू नये, पण टाकूनही देऊ नये.

साधी पानेपॉट आणि रिझर्व्हा शेजारी शेजारी ठेवून प्यायलात तर साधी पानेपॉट जास्त आवडण्याची शक्यता मोठी आहे. ती गोल आहे, उदार आहे, तिचा पाक थेट समोर येतो. पाहुण्यांना मी तीच देते. रिझर्व्हा तिच्याहून सडसडीत. तिच्यातून काढून घेतलेलं जास्त आहे. याच्याही पुढची एक बाटली ते करतात, ग्रँड रिझर्व्हा, जी नंतर कॅल्व्हाडॉसच्या पिंपात, म्हणजे सफरचंदाच्या ब्रँडीच्या पिंपात, पुन्हा मुरते. तिच्यात सफरचंदाची साल आणि ब्रँडीची गोड धग इतकी पुढे येते की मी पुन्हा रिझर्व्हाकडेच वळते. आणि घरी वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर अंधार आणि एकसारखा गारवा पाहून, बाटली उभी ठेवावी. फळांचा ताजेपणा दरवर्षी थोडा कमी होत जातो, शेरी वाढत जाते. फार जुनी केलेली मला भावत नाही. तिच्यात गोड जातं खरं, पण जाण्याचा जो डौल मला हवा असतो तो दिसत नाही. ते आधीच गेलेलं असतं.

सोबत खायला लोक चॉकलेट सुचवतात. चॉकलेट नको. ते जिभेवर आपलं गोड पसरून ठेवतं आणि बिअरचा कोरडा शेवट कळूच देत नाही. केकचंही तेच. आप्पांनी आणलेल्या गुळाचा खडा मी एकदा घेऊन पाहिला. तो इतका थेट आणि ताजा गोड होता की त्याच्यापुढे बिअर नुसती आंबट लागली. त्यापेक्षा जुनं, खारट, दाताखाली मिठाचे कण लागणारं चीज घ्यावं. किंवा पश्चिम फ्लांडर्सच्या खानावळीत मिळतं ते कोंबडी, ससा आणि वासराच्या मांसाचं गार, जेलीत बसवलेलं आंबट कालवण. ‘हेन्नेपॉट’ म्हणतात त्याला. घरी यातलं काहीच नसेल, तर खारे शेंगदाणे. आप्पांनी त्या संध्याकाळी तेच खाल्ले होते, आणि प्रत्येक मुठीआधी माझा ग्लास ओढून एकदा वास घेतला होता.